दहा चहा आणि चौदा मिलिलिटर

नोकरीची सगळी वर्षं मी मोजदाद करण्यात घालवली, पण जे मोजलं ते एकदाही डोळ्यांनी पाहिलं नाही. मानवत तालुक्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी रसायनशास्त्र शिकवत होते, आणि माझं मुख्य काम रेणू मोजायला शिकवणं हे होतं. निवृत्तीच्या दिवशी सत्काराच्या भाषणात प्राचार्य म्हणाले, "मॅडमनी हजारो विद्यार्थी घडवले." माझ्या मनात आलं, विद्यार्थ्यांचं मला नक्की सांगता येणार नाही, रेणूंचा आकडा मात्र मी सांगू शकते.

दिवाळी अंकाच्या संपादकांनी लेख मागताना अट घातली की रसायनशास्त्र फार नको. अहो, हलवायाला म्हणायचं तुमच्या धंद्याचं सांगा, पण साखर आणू नका, तसंच हे झालं. तेव्हा थोडं सहन करा. एकदाच सांगते आणि सोपं करून सांगते.

रेणू इतका बारीक असतो की तो बोटांनी काय, यंत्रानेही एकेक करून मोजण्याची सोय नाही. मग करायचं काय? मोंढ्यात हरभऱ्याचं पोतं येतं तेव्हा दाणे कोणी मोजत नाही, वजन करतात. पण समजा शंभर दाण्यांचं वजन तुम्हाला ठाऊक आहे. मग पोत्याच्या वजनावरून आत किती दाणे आहेत हे तुम्ही पोतं न फोडता सांगाल. आमचं शास्त्र एवढंच आहे. आम्ही शंभराऐवजी जरा मोठा गठ्ठा धरतो, सहावर तेवीस शून्यं. डझन म्हणजे बारा, तसा मोल म्हणजे एवढे. डझनभर मुगाचं वजन कमी आणि डझनभर हरभऱ्याचं जास्त, तसं प्रत्येक पदार्थाच्या एका मोलचं वजन वेगळं असतं. पाण्याचं अठरा ग्रॅम. म्हणजे तुम्ही पाण्याचा एक बऱ्यापैकी घोट घेतलात की सहावर तेवीस शून्यं एवढे रेणू पोटात गेले. दरवर्षी हे सांगितल्यावर मागच्या बाकावरचा कोणीतरी ठसका लागल्याचं सोंग करायचा. मीही दरवर्षी त्याला आणखी एक मोल प्यायला सांगायचे.

गावात "रसायनाच्या मॅडम" अशी ओळख झाली की माणसं काहीही घेऊन येतात. कोणी विहिरीचं पाणी बाटलीत भरून आणलं, कोणी दुधात काय मिसळलंय ते विचारलं. एका बाईंनी नवऱ्याच्या खिशातली पुडी आणून तपासायला दिली होती. ती खाण्याचा चुना निघाली तेव्हा त्यांची जरा निराशाच झाली.

या सगळ्यांत माझे लाडके म्हणजे एक मोसंबीवाले काका. जूनमध्ये कॉलेज नुकतंच सुरू झालं होतं. काका भर तासाला वर्गाच्या दारात उभे राहिले, हातात प्लास्टिकची पिशवी.

"मॅडम, ह्यो मोरचूद मेला का जित्ता हाय, तेवढं बघा."

मोसंबीच्या खोडाला बुरशी लागू नये म्हणून मोरचूद आणि चुना कालवून लावतात. मोरचूद चांगला निळाशार असतो. काकांची पिशवी पत्र्याच्या माळ्यावर सगळा उन्हाळा पडून राहिली होती आणि आपल्याकडचं ऊन काय असतं ते मी परभणीकरांना सांगायला नको. निळे खडे फुटून त्यांची पांढुरकी भुकटी झाली होती. दुकानदार म्हणे टाकून द्या, नवा घ्या.

मी भुकटीवर पाण्याचे चार थेंब टाकले. ती डोळ्यांदेखत निळी झाली.

"जित्ता आहे," मी म्हणाले.

मग काकांना बाकावर बसवून वर्गासकट त्यांना समजावलं. मोरचुदाच्या खड्यात मोरचुदाच्या बरोबर पाणीही बांधलेलं असतं. उन्हाने त्यातलं पाणी उडालं. भिजवलेला हरभरा आणि कोरडा हरभरा घ्या. किलोभर भिजवलेल्यात दाणे कमी भरतात, किलोभर कोरड्यात जास्त. तसं आता तुमच्या किलोभर भुकटीत मोरचूद जास्त आहे. तेव्हा नेहमीपेक्षा थोडा कमी घ्या.

काकांनी थोडा विचार केला. "म्हंजे दाणे तितकेच, निसतं पाणी उडालं. अन् आमी मापानं घातला आसता तर झाडाला लय कडक झालं आसतं."

मी वर्गाकडे वळून म्हणाले, "बघा, काकांना एका मिनिटात कळलं. लेबलवरचं नाव तेच असलं तरी आत पाणी आहे की नाही हे बघितल्याशिवाय वजन करायचं नाही." हे वाक्य मी त्या दिवशी फार तोऱ्यात उच्चारलं होतं, आणि तो तोरा पुढे माझ्याच अंगाशी यायचा होता.

त्या वर्गात शीतल नावाची मुलगी होती. तिचे आईवडील दरवर्षी दिवाळी झाली की ऊसतोडीला जायचे. घरी ठेवायला कोणी नव्हतं, तेव्हा तीही त्यांच्याबरोबर जायची. जून ते दिवाळी ती एकही तास चुकवत नसे. त्यानंतर तिची जागा रिकामी. तिला लॅब टेक्निशियन व्हायचं होतं, रक्त तपासणारी. त्यासाठी बारावीला विज्ञानात चांगले गुण हवे होते, आणि तिच्या वडिलांनी साफ सांगितलं होतं की या खेपेला झालं तर झालं, पुढच्या वर्षी पोरगी कोयता धरील. हे तिने मला रजेच्या अर्जाबरोबर सांगितलं होतं, अगदी सहज, बस किती वाजता आहे ते सांगावं तसं.

आता आमच्या कॉलेजातल्या एका प्रथेबद्दल लिहायला हवं. लिहिताना थोडी लाज वाटते, पण निवृत्त माणसाचं कोणी काय वाकडं करणार?

बारावीची प्रात्यक्षिक परीक्षा घ्यायला दुसऱ्या गावचे परीक्षक येतात. त्यात एक प्रयोग असतो. उभ्या काचेच्या नळीत, म्हणजे ब्युरेटमध्ये, पोटॅशियम परमँगनेटचं जांभळं द्रावण भरायचं. खाली फ्लास्कमध्ये ऑक्झॅलिक आम्लाचं दहा मिलिलिटर पाण्यासारखं द्रावण पिपेटने, म्हणजे मापाच्या बारीक नळीने, मोजून घ्यायचं. त्यात थोडं सल्फ्युरिक आम्ल घालून हाताला चटका बसेल इतकं तापवायचं, मग वरून जांभळं थेंबथेंब सोडायचं. जांभळा थेंब पडतो आणि नाहीसा होतो. खालचे रेणू त्याला संपवत असतात. ज्या थेंबाला फिकट गुलाबी रंग टिकला, तिथे खालचे रेणू संपले. वर किती मिलिलिटर लागलं ते वाचायचं आणि त्यावरून हिशेब करायचा. खरं तर ही रेणूंची शिरगणतीच आहे, आणि मला विचाराल तर कॉलेजातला सगळ्यात देखणा प्रयोग.

द्रावणं आम्हीच आदल्या दिवशी तयार करायचो, त्यामुळे उत्तर किती येणार ते आम्हाला ठाऊक असायचं. आमचे प्रयोगशाळा परिचर गंगाधरमामा मोठे कनवाळू. मुलांचे हाल त्यांना बघवत नसत. परीक्षा सुरू झाली की ते दारात उभे राहून कॅन्टीनवाल्याला मोठ्याने ओरडून सांगायचे, "दहा चहा पाठीव रे." झालं. सगळ्या मुलांना कळायचं की उत्तर दहा मिलिलिटर. साडेदहा असलं की "दहा चहा अन् एक हाफ". कॅन्टीनवाला मुरलेला होता. मामांनी कितीही चहा सांगितले तरी तो दोनच पाठवायचा, एक परीक्षकांना, एक मला.

मला हे माहीत होतं. मी खिडकीतून बाहेर बघत राहायचे. गावोगाव असंच चालतं, आपलीच पोरं का मागे पडावीत, असं मी स्वतःला सांगायचे. चहा मात्र मी दरवर्षी प्यायले.

त्या वर्षी पूर्णेहून सिद्दीकी सर परीक्षक म्हणून आले. उंच, शांत, बोलण्यात अदब, आणि नजर अशी की ब्युरेटमधला हवेचा बुडबुडा खोलीच्या या टोकावरून दिसावा. वीस मुलांची तुकडी होती. शीतल आदल्याच दिवशी कारखान्यावरून येऊन पोहोचली होती. तळहातांवर उसाच्या पाचटाने कापल्याचे ओरखडे, पण जर्नल कव्हर घालून नीट आणलेलं. मधले तीन महिने ती नव्हती, त्यामुळे सराव परीक्षेच्या वेळी मुलांना चहाची खूण समजावली गेली तेव्हाही ती नव्हती.

मामांनी दारातून चहा सांगितले. दहा. अर्ध्या तासात एकोणीस मुलांनी कागदावर दहा लिहिलं. हुशार होती त्यांनी संशय नको म्हणून नऊ पॉइंट नऊ आणि दहा पॉइंट एकही मध्ये पेरलं. शीतलने मात्र लिहिलं चौदा.

सरांनी मला बोलावून तिचा कागद दाखवला. "मॅडम, बाकी जमात एका सुरात गातेय. ही एकटीच बेसूर का?"

मी तिच्या टेबलापाशी गेले. मला आधी तिचाच राग आला, हे कबूल करते. "पिपेट धुतलीस का? नीट तापवलंस का? वाचताना वरची कड वाचलीस ना?" परमँगनेट इतकं गडद असतं की पातळीची खालची कड दिसत नाही, वरची वाचावी लागते. नवखी मुलं तिथे चुकतात, पण चुकली तरी अंशभर चुकतात, चार मिलिलिटर नाही.

"वरचीच वाचली मॅडम," ती म्हणाली. "तीनदा केलं. चौदाच यायलंय."

तिन्ही फ्लास्क समोर होते. तिन्हींत सारखाच फिकट गुलाबी रंग, पांढऱ्या टाइलवर ठेवल्यावर जेमतेम दिसेल इतका. इतका स्वच्छ शेवट मला स्वतःलाही दर वेळी साधत नाही. ते बघूनही मी काय केलं? सरांची पाठ वळलेली पाहून वाकले आणि तिच्या कानात म्हणाले, "दहा लिही."

तिने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत उर्मटपणा नव्हता, तिला खरोखर कळलं नव्हतं.

"पण मॅडम, दहा आलंच न्हाई तर लिहू कसं?"

मी खुर्ची ओढली, पदर खोचला आणि तिच्या ब्युरेटवर स्वतः प्रयोग केला. दहा मिलिलिटरला रंग टिकला नाही. अकराला नाही, बाराला नाही. तेराच्या पुढे गेल्यावर माझे कान गरम झाले. बरोबर चौदाला फ्लास्क गुलाबी झाला.

मी मागच्या खोलीत गेले. ऑक्झॅलिक आम्लाची जुनी बाटली आदल्या दिवशी संपली होती आणि मामांनी नवी फोडून दिली होती. तीच कंपनी, तेच लाल झाकण. लिटरला सहा पॉइंट तीन ग्रॅम, हा आकडा मला माझ्या जन्मतारखेसारखा पाठ होता. लेबल वाचायची मला गरज वाटली नव्हती. आता वाचलं. नेहमीच्या आम्लाच्या खड्यात पाणी बांधलेलं असतं, त्याच्या एका मोलचं वजन एकशे सव्वीस ग्रॅम. या बाटलीत पाणी काढलेलं कोरडं आम्ल होतं. एका मोलचं वजन नव्वद.

एकशे सव्वीस भागिले नव्वद. हे गणित मी तिथे उभ्या उभ्या बोटाने टेबलावर केलं. एक पॉइंट चार. तेवढ्याच सहा पॉइंट तीन ग्रॅममध्ये शंभर रेणूंच्या जागी एकशे चाळीस आले होते. दहाच्या जागी चौदा. म्हणजे चूक माझी होती, आणि अख्ख्या वर्गात खरी मोजणी एकटीने केली होती.

आता खरी पंचाईत होती. गप्प बसले तर शीतलचे गुण जाणार, आणि पुढच्या वर्षी तिच्या हातात कोयता. बोलले तर एकोणीस मुलं उघडी पडणार, मामा उघडे पडणार आणि मी तर पडणारच, कारण चुकीच्या द्रावणातून बरोबर उत्तर कसं आलं याचा खुलासा काय करणार? मामा दारात आले आणि माझा चेहरा बघून म्हणाले, "काय झालं मॅडम?"

"मामा, आज चहा चौदा सांगायला हवे होते," मी म्हणाले आणि बाटली घेऊन बाहेर आले.

सिद्दीकी सरांपुढे बाटली ठेवली आणि सगळं सांगितलं. वजनाचं सांगितलं, चहाचंही सांगितलं. मुलं कागदाकडे बघत होती. शीतल मात्र पुढे वाकून लेबल वाचत होती.

"मॅडम," ती हळूच म्हणाली, "म्हंजे त्या मोसंबीवाल्या काकांच्या मोरचुदावानीच झालं की."

असं वाटलं, धरणी दुभंगावी आणि मला ब्युरेटच्या स्टँडसकट पोटात घ्यावं. जूनमध्ये मीच तोऱ्यात शिकवलेलं माझ्यासमोर वाढून ठेवलं होतं.

सरांनी चष्मा काढून पुसला. मला वाटलं आता अहवाल लिहिणार. ते म्हणाले, "आमच्याकडे खडू मोजून ठेवतात फळ्याखाली. तुमचा चहा बरा, निदान प्यायला तरी मिळतो." मग गंभीर झाले. "गलती बाटलीचीही आहे आणि बच्च्यांचीही. सगळे पुन्हा करतील. द्रावण मी बनवणार."

त्यांनी मागची खोली आतून लावून घेतली, त्याच बाटलीतून काहीतरी वजन केलं आणि आकडा चिठ्ठीवर लिहून खिशात टाकला. मामांना व्हरांड्यात स्टुलावर बसवलं आणि चहा बंद.

पुढचा तास मी विसरणार नाही. वर्षभर चहावर वाढलेली माझी हुशार पोरं पहिल्यांदाच खरं काम करत होती. एकाचा फ्लास्क थेट जांभळाच्या रसासारखा झाला. एकाने आम्ल घालायचंच विसरून तपकिरी गाळ काढला. एक जण ब्युरेटचा नळ उघडा ठेवून खिडकीतून मामांकडे आशेने बघत होता. मामांनी बिचाऱ्यांनी दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवले होते, चुकून बोटांनी काही खूण व्हायला नको म्हणून. मला हसूही येत होतं आणि स्वतःची लाजही वाटत होती, कारण यांच्यातल्या एकालाही मी शिकवलं नव्हतं, नुसतं पास केलं होतं.

शीतलने कागद सगळ्यांत आधी दिला. सरांनी तिच्या आकड्यावरून वजनाचा हिशेब मांडला, मग खिशातली चिठ्ठी उघडली आणि दोन्ही माझ्यापुढे धरलं. फरक दुसऱ्या दशांश स्थळी होता. बाकीच्यांना ज्याच्या त्याच्या हाताप्रमाणे गुण मिळाले. दोघातिघांनी माझ्याशी बोलणं सोडलं, ते योग्यच होतं. पुढच्या वर्षीपासून मी प्रत्येक टेबलाला वेगळं द्रावण द्यायला लागले. मामा दारात उभे राहायचे, पण सांगणार तरी काय?

जाताना सर शीतलला म्हणाले, "बेटा, वीस माणसांत एकटीने वेगळं लिहायला भीती नाही वाटली?"

"वाटली की," ती म्हणाली. "पण मला वाटलं बाकीच्यांचं चुकायलंय, सांगावं कसं."

ती पास झाली आणि पुढे तिला हवा होता तो कोर्सही तिने केला. नंतर कित्येक वर्षं गाठ पडली नाही.

गेल्या दिवाळीनंतर सारखी तहान लागायला लागली म्हणून डॉक्टरांनी रक्त तपासायला परभणीला धाडलं. काउंटरमागे पांढऱ्या कोटात शीतल होती. तिने वाकून नमस्कार केला, रक्त घेतलं आणि मला पंख्याखाली बसवलं. घटकाभराने कागद घेऊन आली तेव्हा तिचा चेहरा जरा ओशाळा होता.

"मॅडम, जेवणानंतरची साखर दोनशे बावन्न आलीय."

मी फराळाचे पाच दिवस मनातल्या मनात आठवले. दोनच करंज्या खाल्ल्या होत्या, रोजच्या. "यंत्र बिघडलं असेल," मी म्हणाले. "नळी नीट बघितलीस का? पुन्हा कर."

"तीनदा केलं मॅडम. तेवढीच यायलीय."

माझी जुनी खोड जात नाही. रक्तातल्या साखरेच्या, म्हणजे ग्लुकोजच्या, एका मोलचं वजन एकशे ऐंशी ग्रॅम. परदेशात बऱ्याच ठिकाणी ती मिलिमोलमध्ये, म्हणजे मोलच्या हजाराव्या भागात सांगतात, आपल्या आकड्याला अठराने भागलं की तो आकडा येतो. दोनशे बावन्न भागिले अठरा. मी मनात भागलं आणि मला एवढं हसू आलं की रांगेतले पेशंट वळून बघायला लागले. बरोबर चौदा.

"काय झालं मॅडम?" तिने घाबरून विचारलं.

"काही नाही. आलंय तेच लिही," मी म्हणाले.

तिने सही करून कागद माझ्या हातात दिला, रांगेतल्या पुढच्या माणसाला थांबायला सांगितलं आणि दाराकडे जाता जाता विचारलं, "चहा सांगू का मॅडम? बिनसाखरेचा?"

"सांग," मी म्हणाले. "पण माणसं जितकी आहेत तितकेच सांग."

ती दारात उभी राहिली आणि रस्त्यापलीकडच्या टपरीवाल्याला ओरडून म्हणाली, "दोन चहा पाठीव रे."